मास्तर, वस्ताद, सर: शिकवणारा आला कुठून?

वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात आम्ही वाचकांना विचारलं होतं, तुमच्या गावात खेळ किंवा व्यायाम शिकवणारा माणूस कोण आहे आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काय शंका आहे? आलेली पत्रं बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: हा माणूस आधी काय करत होता, आणि आता शिकवायला का उभा राहिला? शिकवणारा ज्या वाटेनं आला त्या वाटेवरचं त्याला बारकाईनं दिसतं, आणि त्या वाटेवर जे कधी भेटलंच नाही ते त्याच्या नजरेतून सुटतं. म्हणून उत्तरं देताना दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

*

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत आहे, पळायला चांगला. गावात एक निवृत्त सुभेदार पहाटे पोरांना पळवतात. तालुक्याला बी.पी.एड. झालेले क्रीडाशिक्षक आहेत. दोघेही शिकवायला तयार आहेत. कुणाकडे घालू?
एक पालक, आष्टी तालुका (जि. बीड)

तुमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) वळला तोही सैन्यातच, अमरीश कुमार यांच्या हाताखाली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. त्यामुळे फौजी माणसाकडे पोरगं घालावंसं वाटणं साहजिक आहे. पण याच उदाहरणात दुसरी गोष्टही आहे. साबळेचा खरा सराव सुरू झाला तेव्हा तो पंधरा वर्षांचा नव्हता. तुमच्या मुलाला घाई नाही.

सुभेदारांना आधी एक प्रश्न विचारा: नोकरीत असताना पीटीचा कोर्स केला होता का? सैन्याची शारीरिक प्रशिक्षणाची संस्था पुण्यात आहे आणि तिथून शिकून आलेला माणूस कवायतीच्या पलीकडचं बरंच जाणतो. नुसती वीस वर्षांची नोकरी म्हणजे तो कोर्स नव्हे. पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार हवाई दलातले होते, पण त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचं शिक्षण घेतलं होतं. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. शिस्त आणि शिक्षण दोन्ही एका माणसात असली की काम होतं.

फौजी पार्श्वभूमीचं बळ म्हणजे वेळ पाळणं, खाडे न करणं, दमसास वाढवणं. नजरेतून सुटतं ते असं: त्यांनी ज्यांना पळवलं ते सगळे वैद्यकीय तपासणीतून निवडून आलेले, अठराच्या पुढचे तरणे जवान. पंधराव्या वर्षी हाडांची वाढ चालू असते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखायला लागलं, तर ती वाढत्या वयातली ठरावीक तक्रार आहे. तिथे ‘सहन कर’ म्हणून चालत नाही. उड्या आणि चढावरचं पळणं कमी करावं लागतं, मांडीच्या पुढच्या स्नायूला ताण द्यावा लागतो. बी.पी.एड. झालेल्या शिक्षकांनी हे अभ्यासात वाचलेलं असतं. त्यांची अडचण वेगळी: पन्नास-साठ मुलं, सगळे खेळ, आणि लांब पल्ल्याच्या पळण्याचा स्वतःचा अनुभव कदाचित शून्य.

दोघांकडेही एकेक आठवडा नुसतं उभं राहून बघा. पळण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सांधे मोकळे करणं, हळू पळणं, मग वेग, असा क्रम आहे का? आठवड्यात किमान एक पूर्ण सुट्टी आहे का? सगळं पळणं डांबरी रस्त्यावर तर नाही? आणि वही आहे का? मुलाच्या नावापुढे तारीख, अंतर, वेळ, तक्रार लिहिलेली वही. जो लिहितो त्याच्याकडे घाला. दर महिन्याला घरी भिंतीवर उंचीची खूण करत जा. उंची एकदम वाढायला लागली की ते दोन-तीन महिने उड्या आणि लांब पळणं कमी करायला सांगा. सुभेदारांना हे सांगताना संकोच करू नका. कारण सांगितलं की फौजी माणूस पटकन ऐकतो.

*

आमच्या अकादमीचे सर स्वतः दोनदा पोलीस भरतीत राहिले. लोक म्हणतात, ज्याचं झालं नाही तो दुसऱ्याचं काय करणार? खरं आहे का?
भरतीची तयारी करणारा, हिंगोली

नाही. लातूर-नांदेडपासून जालन्यापर्यंत भरतीच्या अकादम्यांमध्ये असे सर भरपूर आहेत, आणि त्यांच्यातले काही फार चांगले आहेत. थोडक्यात राहिलेल्या माणसाला एकेका गुणाची किंमत कळते. गोळा कुठे फाऊल जातो, पहिल्या फेरीत पोरगं कसं वाहवतं, रात्रभर रांगेत बसून सकाळी ग्राउंड दिलं की पायाचं काय होतं, हे त्याला पाठ असतं. शिकवण्यामागची ओढही बहुतेक वेळा खरी असते: आपलं राहिलं ते या पोराचं व्हावं.

धोका त्याच ओढीत आहे. असा माणूस स्वतःच्या शरीराचा आराखडा सगळ्यांना लावतो. त्याला रोज दहा किलोमीटर पळून फायदा झाला असेल तर पन्नास पोरांना दहा. त्यात पंचावन्न किलोचा असतो तसा पंच्याऐंशी किलोचाही असतो. आणि पोराचं झालं नाही की स्वतःचं दुसऱ्यांदा राहिल्यासारखा राग येतो.

सर हुशार आहेत की नाहीत, हे गणितातून बघा. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण आहेत: पुरुषांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, ७.२६० किलोच्या गोळ्याला १५. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, गुणांची वाटणी तीच. १६०० मीटरमध्ये पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. महिलांना ८०० साठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. तुमच्या जाहिरातीतला तक्ता एकदा पडताळून घ्या. आता सरांना विचारा, पहिली फेरी कितीत काढू? ‘जोरात सुटायचं’ असं उत्तर आलं तर काळजी करा. पहिली फेरी ६८ सेकंदांत काढणारं पोरगं तिसऱ्या फेरीत नव्वदवर जातं आणि शेवटी साडेपाच मिनिटांच्या पुढे राहतं. ‘७६ ते ७८, चारही’ असं सांगणारा सर घड्याळ घेऊन शिकवतो.

आठवड्याचा साधा आराखडा असा असतो: एक दिवस ४०० मीटरच्या सहा फेऱ्या ठरलेल्या वेगात, मध्ये दीड-दोन मिनिटं चाल, एक दिवस वीस-पंचवीस मिनिटं जरा दमवणारं, पण न थांबता पळणं, एक दिवस सहा-आठ किलोमीटर बोलता येईल इतकं हळू, दोन दिवस गोळा, छोट्या धावा आणि ताकद, उरलेले दोन दिवस हलकं काम आणि पूर्ण विश्रांती. रोजच जीव तोडून पळवणारा सर मेहनती असेल, पण चौथ्या आठवड्यात त्याची निम्मी पोरं नडगी धरून बसलेली असतात.

नडगीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगड होते, भेगांत पाय मुरगळतो. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल लागतो. मग सगळे डांबरी रस्त्यावर येतात, त्यात बूट झिजलेले आणि अंतर एकदम दुप्पट. नडगीच्या आतल्या कडेला हाताच्या चार बोटांइतक्या लांबीत पसरून दुखत असेल तर पळणं दोन आठवडे थांबवा, सायकल किंवा पोहणं करा, बूट बदला आणि निम्म्या अंतरापासून परत सुरू करा. पण एका बोटाच्या टोकाखाली नेमकं दुखत असेल, रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर तो बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ म्हणणाऱ्या सरांचं तेवढं ऐकू नका, हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा.

अंतर मोजलंय कशानं, तेही विचारा. मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेले १६०० मीटर हे १६०० नसतात. ऐंशी मीटर कमी पडले तरी पंधरा सेकंदांचा फरक येतो, आणि पोराला खोटा विश्वास बसतो. तीस मीटरची टेप घेऊन मुरमाच्या पट्ट्यावर २०० मीटरचा गोल आखा, आठ फेऱ्या मारा.

फ्लेक्सवरच्या फोटोंबद्दल एवढंच: निवड किती झाली हे विचारू नका, नाव किती जणांनी घातलं होतं हे विचारा. एकच फोटो दोन अकादम्यांच्या फ्लेक्सवर दिसला तर दोघांनाही विचारा.

*

गावच्या तालमीत वस्ताद आहेत, त्यांच्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नाही. भाऊ म्हणतो, एनआयएस (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचकडेच पाठवू. पुतण्या बारा वर्षांचा आहे.
एक काका, निलंगा (जि. लातूर)

तुम्ही निलंग्याहून लिहिता म्हणून आधी तिथलंच सांगतो. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक विजेते, पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवणारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली वाढला, नंतर लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांकडे गेला. २०१८ ला त्यानं राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळवलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. आवारेचे वडीलही पैलवान. कुस्तीतलं शिक्षण असं माणसाकडून माणसाकडे येतं. वस्तादाची शिकवण्यामागची प्रेरणा विचारली तर बहुतेक वस्ताद आपल्या वस्तादाचं नाव घेतात: त्यांनी मला फुकट शिकवलं, खुराक घातला, ते मी फेडतोय. ही प्रेरणा टिकाऊ असते. पगार थांबला तरी ती थांबत नाही.

बाराव्या वर्षी पोराला पडायला शिकायचं असतं, मान वळवायला, कमरेतून वाकायला शिकायचं असतं. तांबड्या मातीत, रोज, एका नजरेखाली हे चांगलं होतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता वस्तादच.

पण वर दिलेल्या वाटेत आणखी एक गोष्ट दिसते. हे सगळे पुण्याला गेले. गादीवरची मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि गुणांवर चालते. मातीतला पैलवान चितपटीची वाट बघत राहतो आणि गादीवर गुणांनी हरतो. चौदा-पंधराव्या वर्षापासून आठवड्यात दोन-तीन दिवस गादी लागते, आणि तिथे एनआयएस कोचचं शिक्षण उपयोगी पडतं. पतियाळाची ही संस्था १९६१ पासून आहे. तिच्या वर्षभराच्या पदविकेत खेळाच्या तंत्राबरोबर शरीरशास्त्र आणि सरावाचं नियोजनही शिकवतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

वस्तादांच्या दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. वजनगटात बसवायला पोराला पाणी तोडायला लावणं, स्वेटर घालून उन्हात पळवणं: बारा वर्षांच्या मुलाला हे अजिबात नको, तो ज्या वजनाचा आहे त्याच गटात खेळेल. दुसरं, नायटा. एकाला झाला की आठवड्यात अख्ख्या तालमीला होतो. गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा दिसला की ते पोरगं मातीबाहेर ठेवा, लंगोट आणि टॉवेल वेगळे, आणि त्वचेच्या डॉक्टरांचं औषध चट्टा गेल्यावरही त्यांनी सांगितले तितके दिवस. मेडिकलमधली मिश्र मलमं, ज्यात स्टिरॉईड असतं, ती लावली की चट्टा दबतो आणि नंतर दुपटीनं पसरतो.

*

पेपरात ‘ॲथलेटिक ट्रेनर’ वाचलं. तो आणि जिमचा ट्रेनर एकच का?
एक विद्यार्थी, परळी

नाही. अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे: मैदानावर दुखापत ओळखणं, प्रथमोपचार, खेळाडूला परत उभं करणं, आणि त्यासाठी आता पदव्युत्तर शिक्षण लागतं. आपल्याकडे हे काम बहुतेक फिजिओथेरपिस्ट करतो, ज्याचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त असतो. जिमचा पर्सनल ट्रेनर निरोगी माणसाला व्यायाम शिकवतो. दुखणं बरं करणं त्याचं काम नाही, आणि ‘मी तुमचा स्लिप डिस्क बरा करतो’ म्हणणारा ट्रेनर दिसला तर तिथून निघा.

*

जिममधल्या ट्रेनरची बॉडी जबरदस्त आहे. भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत. माझं वय ४६, शुगर आहे. त्यानं ‘सप्लिमेंट’ आणि एक इंजेक्शन सुचवलं. घेऊ का?
एक व्यापारी, नांदेड

इंजेक्शन घेऊ नका. उत्तर एवढ्यावरच संपलं असतं, पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत.

पहिली, बॉडी. बरेच जिम ट्रेनर स्वतःचं शरीर बदलल्यामुळे या कामात येतात. कुणी शंभर किलोवरून सत्तरवर आलेला असतो, कुणी अगदी काटकुळा होता. ही प्रेरणा प्रामाणिक असते, आणि नवख्या माणसाची लाज अशा ट्रेनरला चांगली कळते. त्याला माहीत असतं ते एका शरीराचं, विशीतल्या, शुगर नसलेल्या.

दुसरी, सर्टिफिकेट. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं आणि परीक्षा घेऊन दिलेलं, दोन्ही फ्रेममध्ये सारखीच दिसतात. एसीई, एनएएसएम, एसीएसएम या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रं मुदतीची असतात, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि नावावरून ती ऑनलाइन तपासता येतात. भारतात क्रीडा आणि फिटनेससाठीच्या कौशल्य परिषदेची फिटनेस ट्रेनरची परीक्षा आहे. तारीख बघा, मुदत बघा. मग विचारा, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून श्वास देणं) शिकलात का? प्रौढ माणसाच्या छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, तीस दाबांनंतर दोन श्वास. हे त्याला न अडखळता सांगता आलं पाहिजे. तुमच्या वयाला हा प्रश्न बायसेप्सपेक्षा महत्त्वाचा आहे.

चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी वजन उचलायला लावत नाही, विचारतो: हृदयाचा त्रास सांगितलाय का, श्रमात किंवा बसल्या जागी छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्यांचं दुखणं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. रक्तदाब मोजतो. १६०/१०० च्या वर दिसला तर आधी डॉक्टर. तुम्ही इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाआधी शुगर बघा. १०० च्या खाली असेल तर एखादं केळं किंवा अर्धी भाकरी खाऊन सुरू करा, आणि खिशात साखर ठेवा. पायाची बोटं रोज रात्री तपासा, बुटाचा घासा शुगरमध्ये लवकर भरत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला टेकून जोर, हलके डंबेल, प्रत्येकाच्या दोन फेऱ्या दहा-बाराच्या, आणि शेवटी अजून तीन-चार निघतील इतका दम शिल्लक. हे त्यानं वहीत लिहायला हवं.

तिसरी, इंजेक्शन. जिममध्ये फिरतं त्यात एक मेफेंटरमिन असतं, पोरं त्याला ‘टर्मिन’ म्हणतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे. ते टोचलं की दम लागत नाही, कारण हृदय जोरात धडधडतं आणि दाब चढतो. सेहेचाळीसाव्या वर्षी, शुगरच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. स्टिरॉईडचंही तेच: ट्रेनरला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. हे सुचवणाऱ्यामागची प्रेरणा बऱ्याचदा साधी असते. जिममध्ये पगार थोडा असतो, डबा आणि कुपी विकली की हातात पैसे पडतात. त्याची अडचण समजून घ्या आणि ट्रेनर बदला. प्रोटीनचा डबा घ्यायचाच असेल तर पक्कं बिल घ्या, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा, आणि मूत्रपिंडाची तपासणी दाखवून डॉक्टरांना विचारा. नाहीतर दोन अंडी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, उसळ यांनी तुमचं काम भागतं.

*

मी खो-खो राज्य पातळीवर खेळले. आता बी.ए. झाले. ट्रेनर व्हायचंय, घरचे म्हणतात यात भवितव्य नाही.
एक खेळाडू, धाराशिव

तुमच्या जिल्ह्यातल्या सारिका काळेला २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागली. घरच्यांना हे सांगा. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे. तुमचं राज्य पातळीचं प्रमाणपत्र त्यात बसतं का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयातून पडताळून घ्या. पडताळणीला वेळ लागतो, जाहिरात आल्यावर धावपळ करू नका.

वाटा अशा. शाळेत जायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. खेळ शिकवायचा तर एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स, पुढे पदविका. जिममध्ये जायचं तर वर सांगितलेल्या परीक्षांपैकी एक. तिन्ही एकदम करू नका.

खो-खोतून आलेल्या मुलीला वेग, वळणं, गुडघा वाकवून खाली बसणं याची नजर असते. ती नजर जिममध्ये दुर्मीळ आहे. नसतं ते वजनाचं तंत्र आणि चाळिशीच्या बाईशी बोलायचा सराव. तीन महिने एखाद्या अनुभवी बाईंच्या हाताखाली नुसती वही लिहीत राहा: कोण आलं, काय दुखतं, काय दिलं, पुढच्या वेळी काय झालं. तालुक्याच्या गावात महिला बॅचला मागणी आहे. बाळंतपणानंतरच्या, पाळी थांबलेल्या, पाठ दुखणाऱ्या बाया पुरुष ट्रेनरकडे मोकळेपणानं बोलत नाहीत. तिथे तुम्हाला खरं काम आहे. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय, आणि खोकताना लघवी सुटते का हे विचारल्याशिवाय, उड्या मात्र देऊ नका.

या कामातून माणसं सुटतात ती बहुतेक वेळापत्रकामुळे. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा, मधे दुपार रिकामी. झोप दोन तुकड्यांत, जेवण कधीही. नोकरी धरताना पगार, सुट्टी आणि पर्सनल ट्रेनिंगच्या फीमधला तुमचा वाटा कागदावर लिहून घ्या. ग्राहक महिना तीन हजार देत असेल आणि तुमचा वाटा निम्मा ठरला असेल, तर दहा ग्राहकांचे पंधरा हजार होतात. पण ग्राहकानं मध्येच सोडलं तर कुणाचं नुकसान, हेही त्याच कागदावर हवं.

*

आमचे कोच सांगतात, सरावात पाणी प्यायलं की पाय जड होतात. चूक झाली की तीनशे उठाबशा. एप्रिलमध्ये दुपारी चारला ग्राउंड असतं. मुलाला चक्कर आली होती.
एक आई, परभणी

ताई, हे लगेच थांबवायला हवं. कोच दुष्ट आहेत असं आम्ही म्हणत नाही. ‘आम्ही असेच घडलो’ ही अनेक प्रशिक्षकांची प्रेरणा असते, आणि जे अशा सरावात आजारी पडून सुटले ते आज शिकवायला नाहीत, म्हणून त्यांना ती पद्धत बरोबर वाटते.

परभणीत एप्रिलला पारा चाळिशी ओलांडतो आणि चार वाजता जमीनही तापलेली असते. सराव पहाटे साडेपाचला घ्यायला सांगा. संध्याकाळीच घ्यायचा तर सहानंतर. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वीस-तीस मिनिटंच. सरावाआधी आणि नंतर मुलाचं वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. पन्नास किलोच्या मुलाचं एक किलो कमी झालं की वेग आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी हवं. जास्त घाम येणाऱ्याला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाय जड होतात ते एकदम लिटरभर ढोसल्यानं, घोट घोट प्यायल्यानं नाही.

मुलगा अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. आधी थंड करा, मग हलवा: सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाण्याची टाकी किंवा टब जवळ असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. नसेल तर ओल्या चादरी दर दोन-तीन मिनिटांनी बदला, मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा, वारा घाला. १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. ग्राउंडवर बर्फाचा डबा आणि चार चादरी ठेवायला शंभर-दोनशे रुपये लागतात, ते पालकांनी मिळून द्या.

आता उठाबशा. सवय नसलेल्या मुलाला एकदम तीनशे काढायला लावल्या, आणि त्याही उन्हात, पाण्याशिवाय, तर मांडीचे स्नायू फुटू शकतात आणि त्यातला पदार्थ रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकू शकतो. लक्षणं त्याच दिवशी दिसतीलच असं नाही, एक ते तीन दिवसांत येतात: मांड्या दगडासारख्या सुजलेल्या, जिना उतरता येत नाही, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. असं दिसलं तर अंगदुखीची गोळी देऊ नका, ती मूत्रपिंडावर आणखी ताण टाकते. त्याच तासाला दवाखान्यात न्या, किती उठाबशा काढल्या तो आकडा आणि वेळ डॉक्टरांना सांगा आणि सीपीके नावाची रक्ततपासणी करायला विचारा. शाळेला पत्र लिहाल तेव्हा त्यातही तोच आकडा, तीच तारीख आणि ग्राउंडची वेळ लिहा.